गायीच्या डोळ्यांची देवी

मुलांनो, एखाद्या मुलीला 'तुझे डोळे अगदी गायीसारखे आहेत' असं म्हटलं, तर ती रुसेल की खूश होईल? हरणासारखे म्हटलं तर चालतं. 'मृगनयनी' हा शब्द आपण कौतुकानेच वापरतो. मग गायीने काय घोडं मारलंय?

प्राचीन ग्रीक कवी होमर याने 'इलियड' या महाकाव्यात हेरा देवीला पुन्हा पुन्हा 'बोओपिस' म्हटलं आहे. हेरा म्हणजे देवांचा राजा झ्यूस याची राणी. (स्वभावाने मात्र ही अगदी गरीब गाय वगैरे नव्हती हं!) ग्रीक भाषेत 'बूस' म्हणजे गाय किंवा बैल आणि 'ओप्स' म्हणजे डोळा किंवा चेहरा. तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकातला हा बहुव्रीही समास. गायीसारखे डोळे आहेत जिचे ती. 'लंबोदर'चा विग्रह करता ना, तसाच.

पण 'ओप्स'चे अर्थ दोन, तिथेच घोटाळा झाला. हाइनरिक श्लीमान या जर्मन संशोधकाने १८७६ साली ग्रीसमध्ये मायसीनी इथे उत्खनन केलं. तिथे सोन्याची शिंगं असलेलं चांदीचं एक मस्तक मिळालं, गायीच्या आकाराच्या मातीच्या छोट्या मूर्तीही मिळाल्या. त्याला वाटलं, ही हेराच! पूर्वी तिचं तोंडच गायीचं मानत असावेत. कल्पना मोठी गमतीची, पण मला काही ती पटत नाही. कारण होमर हाच शब्द क्लिमेनीलाही लावतो. ती तर हेलनची दासी, हाडामांसाची बाई. तिचं तोंड गायीचं कसं असेल? होमरला म्हणायचं होतं ते एवढंच, की मोठे, टपोरे डोळे. कुठे गोठा दिसला तर गायीच्या डोळ्यांत एकदा नीट बघा, लांब पापण्यांसकट.

खरी गंमत पुढेच आहे. ग्रीक 'बूस' आणि संस्कृत 'गो' हे एकाच जुन्या शब्दापासून आलेले. 'ओप्स' आणि 'अक्षि' म्हणजे डोळा, यांचंही मूळ एकच. 'प्रत्यक्ष'मधला 'अक्ष' तोच बरं का. आता गो अधिक अक्ष, काय झालं? गवाक्ष! ग्रीकांनी जे दोन तुकडे जोडून देवीचं विशेषण केलं, तेच आपल्याकडे जोडून खिडकीचं नाव झालं. गायीच्या डोळ्यासारखा गोल झरोका तो गवाक्ष. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावर मोठी कमानदार खिडकी आहे, तशा कमानीलाही अभ्यासक गवाक्षच म्हणतात.

आणि रामाच्या वानरसेनेतही एक गवाक्ष होता. त्याच्या नावाचा विग्रह आता तुम्हीच करा.