मृत्युपत्र बायकांनीही करायचं असतं

दोन वर्षांपूर्वी आमच्या सल्ला केंद्रात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी आल्या. त्यांची मुलगी माझ्या चांगल्या ओळखीची. लग्नानंतर चार वर्षांत नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही. तिनं इस्पितळात आयाची नोकरी केली, कर्ज काढून एक खोली घेतली, आईला आणून सांभाळलं. नवरा आधीच वारला होता. ती तापाचं निमित्त होऊन गेली आणि महिन्याभरात दीर दारात उभा राहिला. ज्यानं वीस वर्षांत भावजयीला ओळख दाखवली नव्हती, तो म्हणाला, ‘‘खोली आता आमची.’’

आजींनी मला विचारलं, ‘‘पोरी, हे खरं आहे का गं?’’

खरं होतं. हिंदू, बौद्ध, जैन व शीख स्त्रियांना लागू असलेल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 असं सांगतं, की स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवऱ्याला मिळते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. आईवडिलांचा नंबर त्यानंतर. माहेरून वारशानं आलेलं तेवढं, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. पण स्वतः घाम गाळून कमावलेल्याला ही सवलत नाही. घटस्फोट झालेला नसेल तर टाकून गेलेला नवराही वारसच!

2009 मध्ये अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सासरून हाकललेल्या विधवेची स्वकष्टाची मिळकत सासरच्यांनाच दिली. निपुत्रिक पुरुष गेला तर त्याचं घर कधी सासुरवाडीला जातं का? विधी आयोगानं 2008 मध्येच बदल सुचवला होता. नोव्हेंबर 2025 मध्ये तर खुद्द सर्वोच्च न्यायालयानं स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं.

बैठकीत हा विषय काढला की बायका म्हणतात, ‘‘ताई, अशुभ कशाला बोलता?’’ किंवा ‘‘माझ्याकडे आहेच काय?’’ आहे. खोली आहे, दागिने आहेत, बँकेतली ठेव आहे, फंड आहे. ‘‘नॉमिनी लावलाय की,’’ असंही म्हणतात. पण बँकेतला नॉमिनी रक्कम फक्त स्वीकारतो, मालकी वारसांची असते.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर कोणाला काय द्यायचं ते स्पष्ट लिहावं. दोन साक्षीदारांदेखत सही किंवा अंगठा करावा आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणाची शक्यता असेल तर जरूर करावी. डॉक्टरचा दाखलाही जोडावा. मन बदललं तर कधीही नवं करता येतं, शेवटचं तेच खरं.

हल्ली काही जणी ट्रस्ट करू का, असं विचारतात. घर ट्रस्टमध्ये घालायचं तर नोंदणीकृत दस्त, मुद्रांक शुल्क, विश्वस्त, दरवर्षीचा हिशेब हे सगळं आलं. एका खोलीच्या घरासाठी त्याची गरज नाही. पण बौद्धिक अपंगत्व असलेलं मूल मागे राहणार असेल, तर नुसतं त्याच्या नावावर घर करून भागत नाही. ते घर सांभाळून त्याचा खर्च कोणी चालवायचा? तिथं ट्रस्ट उपयोगी पडतो. असा ट्रस्ट मृत्युपत्रातूनही करता येतो, तो आपल्या पश्चात सुरू होतो. विश्वस्त मात्र एकाहून अधिक नेमावेत, आणि सगळे एकाच घरातले नसावेत.

मृत्युपत्र ही मलमपट्टी आहे हे मला मान्य आहे. कायदाच बदलायला हवा, ती मागणी आपण सोडायची नाही. पण तोवर थांबणं आपल्याला परवडणारं नाही.

खोली गेली. आजी आज भाच्याकडे राहतात. त्या मुलीशी मी दहा वर्षं पोटगी, कर्ज, रेशनकार्ड या सगळ्यांवर बोलले. मृत्युपत्राचा शब्द एकदाही काढला नाही. ती चूक माझी. त्याच महिन्यात मी माझं मृत्युपत्र केलं, साक्षीला केंद्रातल्या दोघी मैत्रिणी होत्या. आता आमच्या प्रत्येक बैठकीत अर्धा तास याच कामाला ठेवतो. मैत्रिणींनो, तुमच्या गटातही ठेवा. एकमेकींना साक्षीदार तर आपण होऊच शकतो.