इमारत स्मार्ट, मग गटारात माणूस का?

आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. आमच्या ईटची पोरं पोटासाठी पुणे-सोलापूर गाठतात. ही दोन्ही शहरं जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आली. तिथं माणसाची चाहूल लागताच इमारतीत दिवा लागतो, टाकी भरली की मोटर बंद होते. पण त्याच इमारतीचं चेंबर तुंबलं की हाक कुणाला जाते? बहुतेक वेळा आपल्याच माणसाला.

2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं हा गुन्हा ठरवला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. भरपाई वाढली, मरण थांबलं नाही.

यंत्र नाही म्हणावं, तर केरळच्या तरुण इंजिनिअरांचा ‘बँडिकूट’ रोबो 2018 पासून मॅनहोल साफ करतोय. म्हणजे अडलंय ते तंत्रज्ञान नाही. जातीमुळे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त मिळतो, तिथं अडलंय.

4 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत गावगाड्याचं उदात्तीकरण साफ नाकारलं. आपण गाव सोडलं. जात मात्र ठेकेदाराचा हात धरून शहरात आली.

काहीजण विचारतील, रोबो आला तर आपल्या लोकांचं काम जाईल ना? म्हणूनच आमची मागणी आहे: यंत्र चालवण्याचं प्रशिक्षण आणि कायम नोकरी आधी सफाई कामगारांनाच द्या.

मित्रांनो, आपापल्या महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कॅमेऱ्यांवर किती खर्च केला, गटार साफ करणाऱ्या यंत्रांवर किती? आकडे हातात घेऊनच भांडू.

जय भीम!