कंठांच्या मापाचा वाद्यमेळ

वार्षिक स्नेहसंमेलनात, भीमजयंतीच्या व्यासपीठावर वा धम्मचक्र प्रवर्तनदिनी आपल्या मुलांचे समूहगान असते, तेव्हा अलीकडे बहुधा तयार ट्रॅक लावला जातो. वाद्ये यंत्रातून वाजतात आणि मुले त्यांच्यामागे धावतात. ही सोय आहे, हे मान्य. परंतु सोय म्हणजे शिक्षण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगीत संयोजन ही स्वतंत्र विद्या आहे. चाल कुणाचीही असो. ती कोणत्या पट्टीत, कोणत्या वाद्यांवर, किती कंठांनी सादर करावी आणि कुठे कोणी मौन पाळावे, हे संयोजक ठरवितो. हिंदी चित्रपटसृष्टीत गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा यांनी, तर मराठीत अनिल मोहिले यांनी ही विद्या नावारूपास आणली. गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून त्यात हिंदुस्थानी राग बसविले. मात्र विपुलता हीच एक वाट नव्हे. शेजारच्या तिवसा तालुक्यातील मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीवर विराट जनसमुदाय खिळवून ठेवले. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी मोजक्या वाद्यांवर बाबासाहेबांचा विचार गावोगावी नेला. वाद्ये थोडी होती, म्हणूनच शब्द स्वच्छ ऐकू गेले.

यातून आपल्या शाळेने काही नियम घ्यावेत. गाणारे चारच असतील, तर पेटीने त्यांची ओळ सतत गिरवू नये; दोन ओळींमधली मोकळी जागा भरावी. संख्या बारावर गेली, की ध्रुवपद सर्वांचे व अंतरा एकाचा ठेवावा. चाळीस कंठ जमले, तर वाद्ये वाढविण्यापेक्षा आवाजांचे गट पाडावेत. सर्वांनी सर्वकाळ गाण्याने गाणे मोठे होत नाही, केवळ गोंगाट वाढतो. मुलींना काळी चार किंवा पाच सोयीची पडते, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक. तेव्हा दोघांना एकाच पट्टीत दामटण्याऐवजी कडवी वाटून द्यावीत. ट्रॅकची पट्टी फार तर वर-खाली करता येईल, पण श्वास संपलेल्या मुलासाठी ट्रॅक थांबत नाही. ढोलकी वाजविणारा सोबती थांबतो.

वादक कुठून आणावेत, असा प्रश्न पालक विचारतील आणि तो रास्तच आहे. निवासी शाळेत दरवर्षी दहावीची तुकडी बाहेर पडते. तिच्यासोबत तयार झालेला ढोलकीवादकही जातो. म्हणूनच प्रत्येक गीताची चार, बारा आणि चाळीस जणांसाठीची मांडणी शाळेच्या एका वहीत लिहून ठेवावी. पट्टी, ठेका, कोणी कुठे थांबायचे, एवढे लिहिले तरी पुरे. जूनमध्ये जेवढी मुले हाती येतील, तेवढ्यांचे गाणे त्या वहीतून उभे राहील. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर वर्षातले चार रविवार दिले, तर पेटी आणि ढोलकीचे हात शाळेतच तयार होतील.

ज्याचा गळा साथ देत नाही, अशा मुलालाही या मेळात टाळ धरता येतो, मात्रा मोजता येते. तयार ट्रॅकमध्ये त्याच्यासाठी जागाच नसते. ज्या शाळेने कुणालाही दाराबाहेर ठेवले नाही, तिच्या गाण्यानेही कुणाला बाहेर ठेवू नये.