परवान्याचा पुरुषार्थ

बंदुकीचे परवाने अधिक कडक करा, असे कोणी म्हटले की आपल्याकडे एक ठराविक उत्तर हटकून मिळते : ‘इंग्रजाने आम्हांला निःशस्त्र केले; स्वराज्यातही तेच करणार काय?’ या प्रश्नापुढे भले भले गप्प बसतात. मला मात्र गप्प बसवत नाही. या प्रश्नात इतिहासाचे नाव आहे, इतिहास नाही.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या अमदानीत शस्त्रांचा कायदा झाला. त्यातली खरी नागवण कोणती? गोऱ्याला परवान्यातून सूट आणि एतद्देशीयाने मात्र परवान्यावाचून शस्त्र बाळगले की गुन्हा, ही! १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. त्यात निःशस्त्रतेचे दुःख होते, हे मी नाकारीत नाही. पण मनाला अधिक झोंबला तो पंक्तिप्रपंच.

स्वराज्याने १९५९ साली नवा कायदा केला आणि त्यात एक मोलाचे कलम घातले : अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये. कायद्याने बंदुकीला श्रीमंतीपासून सोडवले. आम्ही तिला पुन्हा श्रीमंतीच्याच कमरेला बांधले. रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून बंदूक मागणारा शेतकरी कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. पुढाऱ्याच्या मागे फिरणाऱ्याला मात्र ‘जिवाला धोका’ चटकन सापडतो!

२०१९ साली एका माणसाला तीनऐवजी एकच शस्त्र बाळगता यावे, असे विधेयक संसदेपुढे आले. ओरड झाली आणि एकाची दोन झाली. नेमबाज खेळाडूंची गोष्ट निराळी. पण इतरांना विचारतो, प्राण एकच असताना तो राखायला शस्त्रे किती लागतात? त्याच दुरुस्तीत आनंदाच्या भरात गोळ्या झाडून लोकांचे जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवावी लागली. वरातीत उडणारी गोळी कोणाचे स्वसंरक्षण करते?

लांब कशाला जा? डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाची हत्या झाली. मग तेथील परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. जे एका तपासणीत रद्द होण्याजोगे ठरले, ते दिले कोणी आणि काय पाहून? याचा जाब कोण विचारणार?

‘गुन्हेगार परवाना काढतो थोडाच? तो गावठी कट्टा वापरतो,’ असा पुढचा मुद्दा येतो. खरे आहे. कट्टे बनवणाऱ्यांना व विकणाऱ्यांना जबर शिक्षा झालीच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवलीही आहे. पण मागल्या दाराने चोर येतो म्हणून पुढले दार सताड उघडे ठेवावे, हा कोणता न्याय?

माझे मागणे साधे आहे. धोका कोणता, हे परवाना घेणाऱ्याने प्रत्येक नूतनीकरणाला नव्याने सिद्ध करावे. काडतुसांचा हिशेब एकेक करून द्यावा. परवाना का दिला, याची कारणे अधिकाऱ्याने लेखी नोंदवावी आणि त्यांना उत्तरदायी राहावे. हा नियम आमदाराला आणि आमदाराच्या मेहुण्याला जसाच्या तसा लागू व्हावा. यालाही जे गुलामगिरी म्हणतील, त्यांना गोऱ्याची सूट नको नव्हती. ती फक्त आपल्या नावावर हवी होती.