ब्लेंडरला वाली कोण?

स्मूदी ही आपल्या शिकरणीचीच फॉरेन रिटर्न बहीण आहे की नाही, यावर ऑफिसात आमचे बरेच वाद झालेत. ते जाऊ दे. एकट्यापुरती करायची तर मोठा मिक्सर काढा, धुवा, पुसा, यापेक्षा ज्या बाटलीत फिरवलं तिच्यातूनच प्यायचं, हे छोटं यंत्र सोयीचं आहे हे कबूल. आता घ्यायचं कुठलं? लोक वॉट बघतात, तारे मोजतात आणि ७० टक्के सूट दिसली की बटण दाबतात. माझं म्हणणं असं, की सगळ्यात आधी एकच बघावं: उद्या काही बिघडलं तर जबाबदारी घेणारा कोणी आहे का?

हे मी उगाच म्हणत नाहीये. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत 'ब्लेंडजेट २' हे चार्जिंगवालं मॉडेल परत मागवलं गेलं. आकडा सुमारे ४८ लाख! पाती तुटत होती, यंत्र तापून पेट घेत होतं. ग्राहकाने सीरियल नंबर द्यायचा, तो यादीत बसला तर मोटरचा खालचा भाग फुकट बदलून मिळणार. आता तुम्ही म्हणाल, अस्सल मालच असा निघाला तर अस्सल घेऊन उपयोग काय? उपयोग हाच. हुबेहूब नक्कल घेणाऱ्याच्या यंत्रातही तोच दोष असेल, कदाचित जास्तच. पण त्याला कळवणार कोण? आणि बदलून देणार कोण?

नकली माल ओळखायला बारावीचं फिजिक्स पुरतं. समजा पानावर लिहिलंय '३०० वॉट, २००० एमएएच'. ३.७ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास, म्हणजे ७.४ वॉट-तास. खरोखर ३०० वॉट खेचले तर बॅटरी दीड मिनिटात खलास, आणि करंट ८० अँपिअरच्या वर! घरातला २००० वॉटचा गीझरसुद्धा ९ अँपिअरच्या आसपास घेतो हो. तसंच १८६५० आकाराच्या एका सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं तर सरळ पुढे जा, चांगल्या कंपनीचा तेवढा सेल ३५०० च्या आसपास थांबतो. जो आकडा खोटा छापतो तो बॅटरीच्या सुरक्षेत काय काटकसर करत असेल, विचार करा.

बर्फ, खजूर, बदाम घालायचे असतील तर प्लगवालाच घ्या. त्यावर आयएसआयची खूण बघा: वर आयएस ४२५० (घरगुती मिक्सरचं मानक), खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नुसती खूण बघून भागत नाही. मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीत एका बड्या ऑनलाइन दुकानाच्या गोदामावर धाड घातली, तेव्हा आयएसआय खूण नसलेला आणि खोटी खूण चिकटवलेला असा दोन्ही प्रकारचा माल सापडला. साडेतीन हजारांहून जास्त नग, त्यात मिक्सरही होते. तेव्हा 'मोठ्या साइटवरून घेतलंय' हे काही उत्तर नाही.

एकाच पानावर पाच विक्रेते असतात आणि खालचे रिव्ह्यू वस्तूचे असतात, विक्रेत्याचे नव्हेत. (कधी कधी तर ब्लेंडरखाली मोबाइल कव्हरची स्तुती वाचायला मिळते.) म्हणून विक्रेत्याचं नाव उघडून बघायचं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ते नाव अधिकृत विक्रेत्यांमध्ये असेल तर उत्तम.

आणि माझी आवडती परीक्षा म्हणजे ऑर्डर देण्याआधी कस्टमर केअरला फोन लावायचा. विचारायचं, "पात्याखालचं रबरी वायसर सुटं मिळतं का? केवढ्याला?" हे वायसर कधीतरी झिजणारच, मग गळती मोटरमध्ये उतरते. समोरच्याने किंमत सांगितली तर तिथे कोणीतरी बसलंय. फोनच लागला नाही, तर तेवढ्यात घरच्या मिक्सरचं चटणीचं भांडं काढा. एक केळं, थोडं दूध, दोन खजूर. एका माणसाला पुरतं.