कुलूप म्हणजे कायदा नव्हे

कापूरहोळ फाट्याच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहणारे आपले कितीतरी लोक शिरवळच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. ठेकेदाराने पगार लांबवला की भाडं थकतं. भाडं थकलं की खोलीला मालकाचं कुलूप लागतं. भांडीकुंडी आत, लेकरं बाहेर. आणि गाव विचारतं, "पैसे दिले नाहीत, मग मालक काय करणार?"

मालकाने काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे. नोटीस द्यायची आणि दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे लेखी नोटिशीनंतर ९० दिवस थांबल्याशिवाय थकबाकीवरून ताब्याचा दावा करता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, १५ टक्के साधं व्याज आणि खर्च न्यायालयात भरला व पुढचं भाडं भरत राहिला, तर त्याला काढता येत नाही. पण हा कायदा ठरावीक भागांनाच लागू. यादीबाहेरच्या गावांच्या वाट्याला इंग्रजांचा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा! महामार्गालगतच्या प्रत्येक गावाला १९९९ चा कायदा लागू करा, ही आमची सरकारकडे मागणी आहे.

तरीही कुलूप ठोकायचा अधिकार मालकाला कुठेच नाही. बेकायदा बाहेर काढलेल्या माणसाला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो.

मग आपला माणूस न्यायालयात का जात नाही? कारण आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, तिथे दुसरं छप्पर मिळण्याची खात्री नसते. १९१७ साली बडोद्यात लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. तिथे भाडं थकलं नव्हतं. जात कळली होती.

भाडं बुडवा, असं आम्ही म्हणत नाही. दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी विधवा आम्हीही पाहतो. तिचा पैसा तिला मिळालाच पाहिजे, पण न्यायालयाच्या मार्गाने.

बांधवांनो, दर महिन्याला पावती मागा. देत नसतील तर भाडं बँकेतून द्या, नोंद राहील. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. भोरच्या न्यायालयात जाऊन अर्ज करा. ज्या हक्कासाठी अर्जच होत नाही, तो कागदावरच राहतो.

जय भीम!