साहेबांच्या गाडीला डॅम्पिंग, बसच्या बॉनेटला गोणपाट

परवा बायपासवरच्या एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात बसलो होतो. समोर कोरी डिझेल एसयूव्ही, चारही दारांची पॅनल काढलेली. पोरं आतल्या पत्र्यावर काळ्या ब्यूटाइल रबरच्या शीट चिकटवून रोलर फिरवत होती, वरून फोम. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यालाही तेच. बिल 28 हजार. मालकाची फर्माईश अशी की आत बसलं की इंजिन चालू आहे की बंद, ते कळता कामा नये.

हौस आहे, पैसा आहे, करावं. त्याबद्दल तक्रार नाही.

गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर माझ्या शेजारीच बसला होता. मी काही विचारलं तर म्हणाला, "भाऊ, जरा या बाजूला येऊन बोला. डाव्या कानाने कमी ऐकू येतं." हा माणूस सोळा वर्षं शाळेची बस चालवतोय. बस त्याच मालकाची. पुढच्या इंजिनाची गाडी, म्हणजे इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, मध्ये फक्त बॉनेटचं झाकण. झाकणाच्या आतलं अस्तर कधीच फाटून गेलंय, कडेचं रबर सुटलंय. म्हणून यानेच वर गोणपाटाची घडी टाकलीय. आणि सीट मिळाली नाही की तिसरी-चौथीची पोरं त्याच गोणपाटावर बसतात!

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या बसमधून गेलो. घाटीच्या चढाला मोबाईलच्या ॲपवर आकडा 90 च्या पुढे. ॲप म्हणजे सरकारी मीटर नव्हे, मान्य. पण शेजारच्या पोराला नाव विचारायला मला ओरडावं लागलं, त्याला कसला मीटर पाहिजे? कारखान्याच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे. स्टिअरिंग धरणारा माणूस कामगार नाही काय?

काहीजण म्हणतील, सवय होते. सवय होत नाही, कान जातो. कानाच्या आतल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. ज्याला आपण सवय म्हणतो ना, तो बहिरेपणाच असतो बऱ्याचदा.

दुसरं एक शहाणपण ऐकलं. ड्रायव्हरला आवाज ऐकू यायला हवेत, केबिन कशाला बंद करता? अहो, अडवायचा आहे तो इंजिनाचा आवाज, रस्त्याचा नाही. आज त्या घरघरीत मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू येत नाही. "काका, थांबा" म्हणून ओरडणारं पोरगं ऐकू येत नाही. इंजिन झाकलं तर ते ऐकू येईल!

खर्च विचारला दुकानदाराला. बॉनेटला आतून उष्णता सोसणारं अस्तर (साधा फोम नको, तो पेटतो), कडेला नवं रबर, वायरी आणि पाइप जातात त्या भोकांना ग्रोमेट. भोकं उघडी ठेवली तर बाकी सगळं वाया, आवाज फटीतून पाण्यासारखा येतो. इंजिनाखालचे माउंटिंगचे रबर दबले असतील तर तेही बदलायचे, नाहीतर थरथर सगळ्या पत्र्यात उतरते. मजुरीसकट सात हजारांच्या आत. साहेबांच्या बिलाचा चौथा हिस्सा!

मालकांना फोन केला. म्हणाले, "पासिंगला कुणी विचारत नाही हो हे." इतका प्रामाणिक माणूस हल्ली भेटत नाही.

शाळा दर महिन्याला बसफी घेते, तेव्हा मालकाकडे बोट दाखवून शाळेला मोकळं होता येणार नाही. ड्रायव्हरचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, कुणी कमेंटमध्येही टाकू नका, त्याची रोजीरोटी आहे. शनिवारी पालकसभा आहे. मी हा विषय काढणार आहे. ज्यांची पोरं त्या बसने जातात त्यांनी या, आणि येण्याआधी एक दिवस पोराऐवजी स्वतः त्या गोणपाटावर बसून या.